दुसऱ्यांच्या मुलांशी देवाधर्माचं बोलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकवणी घेणाऱ्या बाई, बालसंस्कार वर्ग, संडे स्कूल, मदरसा किंवा जैन पाठशाळा चालवणारी माणसं, वसतिगृहाचे रेक्टर, गणेश मंडळाचे कार्यकर्ते आणि ज्यांच्याकडं शेजारची पोरं शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत असतात अशी घरं, या सगळ्यांसाठी हे पान आहे. सातारा जिल्ह्यात आणि शेजारच्या सांगलीत एकाच गल्लीत वेगवेगळ्या धर्मांची मुलं एका चेंडूमागं धावतात. त्यामुळं हे प्रश्न इथं रोज पडतात.

शेजारची मुलं दिवसभर आमच्याकडंच असतात. त्यांच्यासमोर पूजा किंवा नमाज करायचीच नाही का?

करा की. आपल्या घरात आपली रीत लपवायचं काहीच कारण नाही. मुलानं बघणं वेगळं आणि मुलाकडून करून घेणं वेगळं. संध्याकाळी काकू देवापुढं निरांजन लावतात, शेजारचं सहा वर्षांचं पोर खेळ थांबवून ज्योतीकडं बघत राहतं. इथवर सगळं ठीक. घसरतं ते पुढच्या तीन शब्दांवर: 'बाळा, हात जोड.' मूल हात जोडतं, काकू 'शहाणं गं माझं ते' म्हणत त्याच्या गालावरून हात फिरवतात, आणि या घरात लाडकं व्हायचं तर हात जोडायचे, हे त्याच्या मनात पक्कं बसतं. लहान मुलाला शाबासकीचा ओढा रागावण्याइतकाच जोरदार असतो. त्यानं आपणहून हात जोडले तर जोडू द्या. कौतुक नको आणि अडवणंही नको. नमाजाच्या वेळी शेजारी येऊन वाकणाऱ्या पोराला किंवा जेवणाआधीच्या प्रार्थनेत डोळे मिटणाऱ्या पोरीलाही हेच लागू.

मग बोलण्याची हद्द नेमकी कुठं?

आपल्याकडं मुलाला पहिलं वळण लावतात ते मोठ्यांचं ऐकायचं. वळण चांगलंच आहे, पण त्यामुळं काकांनी काही सांगितलं की 'मला नको' म्हणायची सोय मुलाकडं उरत नाही. दारात आलेल्या प्रचारकाला मोठा माणूस 'आत्ता वेळ नाही' म्हणून दार लावून घेतो. आठ वर्षांच्या पोरीला ते जमत नाही. तिच्या नकाराची जागा आपणच मोकळी ठेवायची असते. या पानावरची बाकीची सगळी उत्तरं याच गोष्टीतून निघालेली आहेत.

रोजच्या बोलण्यात पहिला बदल वाक्याच्या सुरुवातीचा. 'देव सगळं बघत असतो' याऐवजी 'आमच्या घरी आम्ही असं मानतो की देव सगळं बघतो.' त्यामागं लगेच एक वाक्य जोडायचं: 'तुमच्याकडं काय म्हणतात, ते आईला विचार.' ही जोड मारून मुटकून वाटली तरी सोडू नका. तिच्यामुळं मुलाला कळतं की या गोष्टीला एकाहून जास्त उत्तरं आहेत आणि त्याचं घर त्यात मोजलं जातं.

दुसरी खूण: हेच वाक्य त्या मुलाची आई शेजारी बसलेली असताना, याच आवाजात म्हणाल का? जीभ अडखळली तर वाक्य गिळून टाका.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. 'हे घरी सांगू नकोस' असं म्हणायची वेळ आली की मामला बिघडलेला आहे, हेतू कितीही चांगला असो. मोठ्या माणसाबरोबरचं गुपित सांभाळायला शिकलेलं मूल पुढं कुणाही वाईट माणसाच्या हाती सापडू शकतं. तो माणूस धर्माचं नावही घेणार नाही.

वयाप्रमाणं काय बदलतं?

साधारण सात वर्षांपर्यंत मूल शब्दाचा सरळ अर्थ घेतं. 'देव हृदयात असतो' म्हटलं की शर्ट वर करून शोधतं. या वयात समजावून सांगायचं नाही, विचारलं तेवढंच आणि दोन वाक्यांत सांगायचं. आठ ते अकराची मुलं नियमांत रमतात: कोण काय खातं, कोण का खात नाही, कुठं चप्पल काढायची. हे मोकळेपणानं सांगा, ही माहिती आहे. बारा-तेराच्या पुढं खरे प्रश्न येतात, वादही येतात. तिथं आपलं मत सांगायला हरकत नाही, पण मुलाच्या घरचं मत चुकीचं ठरवायला आहे. अठरा पूर्ण झाल्यावर तो आपला मुखत्यार.

मुलानं विचारलं, 'काकू, माझे आजोबा कुठं गेले?' तर काय सांगायचं?

हा प्रश्न बहुतेक वेळा घरच्यांना न विचारता शेजारच्या काकूंनाच विचारला जातो, कारण घरात सगळे रडत असतात आणि मुलाला ते दिसत असतं. उत्तर दिल्याशिवाय पळू नका. क्रम असा ठेवा.

आधी जे नक्की आहे ते: 'आजोबा वारले. त्यांचं शरीर आता काम करत नाही. त्यांना दुखत नाही, थंडी वाजत नाही.' 'झोपलेत' म्हणू नका. त्या रात्रीपासून मूल झोपायला घाबरतं आणि आई दुपारी जरा लवंडली तरी तिला हलवून उठवतं. 'गावाला गेले' म्हणू नका, ते वाट बघत बसतं. 'देवाला आवडले म्हणून नेले' हे तर नकोच. मग देवाला आपण आवडू नये, असं लेकराला वाटायला लागतं.

त्यानंतर त्याचं घर: 'तुमच्या घरी याबद्दल काय म्हणतात?' मूल म्हणेल, 'अब्बू म्हणाले जन्नतमध्ये', किंवा 'आई म्हणाली चांदणी झाले.' त्यावर 'हो, अब्बूंनी सांगितलंय ना' एवढं पुरे. आपल्या धर्मातलं उत्तर वेगळं असेल तर ही ते सांगायची वेळ नाही. पुनर्जन्म, कयामत, मोक्ष, काहीच नाही, यातलं काहीही दुःखातल्या मुलाच्या घरच्या उत्तरावर ठेवलं की त्याच्या हातून दोन्ही सुटतात. संध्याकाळी त्याच्या आईला सांगून ठेवा की असं विचारलं होतं आणि मी असं म्हणाले.

पाप लागतं, नरकात जाशील, असं सांगितलं तर मुलं वळणावर राहतात, हे खरं ना?

दोन दिवस राहतात. मग काहीजण रात्री दचकून उठतात, काही पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतात, काही सारखे हात धुतात किंवा दिवसातून वीसदा 'मी चुकलो का' विचारतात. आपल्या मुलाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. दुसऱ्याच्या मुलाला भीती घालायची नाही. यात सूट नाही.

प्रसाद द्यायचा की नाही? नाही म्हटलं तर माणसं दुखावतात.

मुलाच्या हातावर थेट ठेवू नका, एवढं पाळलं तरी निम्मे प्रश्न मिटतात. पुड्या बांधून एका ताटात ठेवा आणि 'हवा त्यानं घ्या, घरी न्यायचा त्यानं न्या' म्हणा. पुडी घरी गेली की घरचे ठरवतात. काही मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांत दुसऱ्या देवापुढं ठेवलेलं खात नाहीत, काही घरांत आनंदानं खातात. जैन घरांत कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, आणि काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्यामुळं रात्रीच्या आरतीनंतरचा शिराही त्या पोरीला नको असतो. जत्रेच्या मटणाबाबत तर आधी विचारल्याशिवाय वाटी पुढं करूच नका.

धर्मापलीकडच्याही दोन गोष्टी आहेत आणि त्यांत जिवाचा प्रश्न आहे. पंचामृतात मध असतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नसतो, त्यानं बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाला दाण्याचा लाडू चिमूटभरही नको. अंगारा किंवा उदी दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडात घालू नका.

मैत्रिणीबरोबर एकादशी किंवा रोजा धरायचा म्हणून मूल हट्ट करतंय. धरू द्यावा?

आईवडिलांनी स्वतः सांगितल्याशिवाय नाही. मुलानं आणलेला निरोप चालत नाही, फोन करा. इन्शुलिन घेणाऱ्या मुलाचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय होऊच शकत नाही, आणि शेजाऱ्यांना त्याचा मधुमेह अनेकदा माहीतही नसतो. हट्ट बहुतेक वेळा मैत्रिणीसारखं करायचा असतो. संध्याकाळी इफ्तारीला किंवा दुसऱ्या दिवशी बारस सोडायच्या जेवणाला घरच्यांना विचारून बोलवा. त्यात तो भागतो.

आमच्या वर्गाला दुसऱ्या धर्माची, पंथाची मुलंही येतात. वर्ग कसा चालवावा?

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि बहुतेक वेळा हेतू वाईट नसताना होतात. नावापासून सुरुवात करा. 'उन्हाळी शिबिर', 'व्यक्तिमत्त्व विकास' किंवा 'इंग्लिश स्पीकिंग' असा फलक लावून आत स्तोत्र, आयत किंवा बायबलचा धडा घेतला तर ती पालकांची फसवणूक झाली. धर्म शिकवणार असाल तर तसं फलकावर लिहा. लिहिल्यानं मुलं कमी येतील अशी भीती वाटत असेल, तर ती जास्तीची मुलं पालकांच्या संमतीशिवाय येत होती, असाच त्याचा अर्थ.

संमती लेखी घ्या, सुरुवातीलाच, मराठीत, अर्ध्या पानावर. मजकूर असा चालेल:

'माझा मुलगा/मुलगी दर रविवारी सकाळी 9 ते 10.30 या वर्गाला येईल. वर्गात (इथं धर्म, पंथ) यांतील प्रार्थना, गोष्टी आणि पाठांतर शिकवले जाते, हे मला सांगितले आहे. पुस्तक मी पाहिले आहे. माझ्या मुलाने (इथं प्रार्थना, नमस्कार, प्रसाद, फोटो यांपैकी जे नको ते) यात भाग घेऊ नये. मी केव्हाही कारण न देता मुलाला वर्गातून काढू शकतो.'

यातली चौथी ओळ लोक गाळतात, आणि नेमकी तीच कामाला येते. पालकांना सगळं किंवा काहीच नाही असे दोनच पर्याय ठेवले की भिडेखातर सही होते. पुस्तक खरोखर घरी पाठवा, आठवडाभर राहू द्या. आईवडील दोघंही असतील तर दोघांना माहीत असावं. एकानं सही केली आणि दुसऱ्याला वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात कळलं, तर त्या भांडणात मूल सापडतं.

फुकट शिकवणी, वह्या, दप्तर, खाऊ द्यायचा असेल तर तो सगळ्यांना द्या आणि प्रार्थनेपासून तोडून द्या. वेळच वेगळी ठेवा: 4 ते 5 गणित, 5 ते 5.30 प्रार्थना, मध्ये घरी जायची मोकळीक. गणित झाल्यावर उठून जाणाऱ्या मुलाकडं बाई कशा बघतात, हे बाकीची मुलं टिपत असतात. पाठांतराच्या बक्षिसाचंही तसंच. गरीब घरच्या पोराला 200 रुपयांचं बक्षीस हा मोठा मोह आहे.

दार उघडं, वर्गात दोन मोठी माणसं, एकट्या मुलाला वेगळ्या खोलीत 'खास मार्गदर्शन' नाही. बाललैंगिक अत्याचारविरोधी 2012 चा कायदा धार्मिक वर्गालाही तितकाच लागू आहे, आणि गुन्हा माहीत असून न कळवणं हाही त्यात गुन्हाच आहे. मुलांचे हात जोडलेले, टोपी घातलेले फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नका. आजचा कौतुकाचा फोटो उद्या कोण कुठल्या ओळीखाली फिरवेल, ते आपल्या हातात राहत नाही.

शाळेत काय चालतं आणि काय नाही?

संविधानाचं कलम 28 शिक्षकांनी एकदा स्वतः वाचावं, लहानसंच आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत दिलं जात असेल, तर अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय त्यात किंवा तिथल्या उपासनेत बसवता येत नाही. धर्मांविषयीची माहिती ही वेगळी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात हा फरक मान्य केला आहे. तुकोबांचा अभंग मराठीच्या तासाला शिकवणं हे साहित्य शिकवणं आहे. तोच अभंग न म्हणणाऱ्याला उभं करणं, हे मात्र नाही.

प्रार्थना न म्हणणारं मूल शांत उभं असेल तर त्याला उभं राहू द्या. राष्ट्रगीताच्या वेळी अदबीनं उभ्या राहणाऱ्या पण श्रद्धेमुळं न गाणाऱ्या केरळमधल्या तीन भावंडांना शाळेनं काढलं, तेव्हा 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. आणि मुलाला सगळ्यांसमोर 'तू का नाही म्हणत?' विचारणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये बंदी असलेल्या मानसिक त्रासाच्या फार जवळ जातं. बोलायचंच असेल तर पालकांशी, खुर्ची देऊन.

सहल देवस्थानाला जाते. तेव्हा?

सज्जनगड, गोंदवले, मिरजेचा दर्गा, हे सगळं मुलांनी बघावंच, इतिहासही कळतो. संमतिपत्रावर 'स्थळदर्शन' आणि 'देवदर्शन' असे दोन वेगळे रकाने ठेवा. आत न जाणाऱ्या मुलांबरोबर एक शिक्षक बाहेर थांबेल, हे आधीच ठरवा आणि त्या वेळेत त्यांना काहीतरी काम द्या: पायऱ्या मोजा, शिलालेख उतरवा, कळसाचं चित्र काढा. नुसतं बाकावर बसवलं तर ती शिक्षाच वाटते.

वसतिगृहात नियम वेगळे का कडक असावेत?

कारण तिथून मूल संध्याकाळी घरी जात नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस नाव दिलं गेलं. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुलं एका छताखाली, एका पंक्तीला. अशी पंक्ती टिकते ती रेक्टरच्या भानामुळं. त्याच्या हातात मुलाचं जेवण, सुट्टी आणि घरचा फोन असतो. सक्तीची आरती लावायला त्याला आवाज चढवावा लागत नाही, हजेरीची वही काखेत धरून दारात उभं राहिलं तरी पुरतं. म्हणून प्रार्थनेच्या वेळी हजेरी घेऊच नये.

पालखी, ताबूत, गणपती तर सगळ्यांचेच. त्याला कसली परवानगी?

माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरडवरून जाते तेव्हा पाणी वाटायला सगळी गल्ली उतरते. कडेगावच्या उंच ताबुतांना हिंदू घरांचे हात लागतात, गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. हे आपल्या भागाचं वैभव आहे आणि त्यात मुलांनी असावं. तरीही पहिल्या वर्षी एकदा विचारा: 'वहिनी, बाळ्याला लेझमीत घेऊ का? आरतीला थांबवू की पाठवून देऊ?' अर्ध्या मिनिटाचं काम. ज्या घरानं आनंदानं हो म्हटलं, ते पुढं कुणाच्या चिथावणीला सहज बळी पडत नाही.

आम्ही देव मानत नाही. हे नियम आम्हालाही?

हो, तसेच. दुसऱ्याच्या नातीला 'देव वगैरे काही नसतं, आजी खुळी आहे' सांगणं हाही आपला विचार लादणंच झालं. 'मी मानत नाही' म्हणा, आणि कसं तपासायचं ते शिकवा. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. अंधश्रद्धेविरुद्धची लढाई इथल्या लोकांना नवी नाही.

एका ठिकाणी मात्र भिडेनं गप्प बसायचं नाही. मुलाला साप, विंचू किंवा कुत्रा चावला आणि घरचे मांत्रिकाकडं निघाले, तर 108 ला फोन करा आणि दवाखान्यात न्यायला लावा. अशा वेळी उपचार अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मूल बरं झाल्यावर श्रद्धेवर बोला.

शिकवणीला येणाऱ्या मुलीला पाळी आली म्हणून देवघराच्या खोलीत बसू नको म्हणायचं का?

नाही. शिकवणी दुसऱ्या खोलीत घ्या, सगळ्यांची.

पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, मला तुमचा धर्म आवडतो, पण घरी सांगू नका.

त्याला हिडीसफिडीस करू नका आणि गुपितही स्वीकारू नका. सांगा: 'तुझ्या प्रश्नांना मी उत्तरं देईन, पण घरी कळेल अशाच रीतीनं. कुठलाही विधी, दीक्षा, नाव बदलणं तू मोठा झाल्याशिवाय माझ्याकडून होणार नाही.' संविधानाच्या कलम 25 मध्ये धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये सांगितलं आहे. पण घरी कळलं तर मारतील अशी भीती मूल बोलून दाखवत असेल, तर प्रश्न धर्माचा राहिला नाही, सुरक्षिततेचा झाला. तिथं 1098 ही बालमदत क्रमांकाची वाट आहे.

आमच्याच मुलाला कुणीतरी काही सांगितलंय. काय करावं?

आधी मुलाला न रागावता विचारा: 'कोण म्हणालं, तेव्हा तू काय म्हणालास, तुला कसं वाटलं?' मुलानं काही चूक केलेली नाही हे त्याला पहिल्या वाक्यात कळू द्या, नाहीतर पुढच्या वेळी सांगणार नाही. मग एकट्यानं, घरी जाऊन त्या माणसाशी बोला: 'मावशी, तुम्ही लेकराला जीव लावता. पण या गोष्टी आम्हाला आमच्या आम्ही सांगायच्या आहेत.' बहुतेक प्रकरणं इथं संपतात, कारण समोरच्याला खरंच कल्पना नसते. शाळेतलं असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, तारीख आणि नेमके शब्द लिहून, पोहोच घ्या, पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जा. धमकी, पैसे, गुपित किंवा अंगाला स्पर्श यांतलं काही असेल तर थेट पोलीस.

व्हॉट्सअॅपवर टाकू नका, हे कळकळीनं सांगणं आहे. शेजारणीचं एक वाक्य ग्रुपवर गेलं की तासाभरात ते दोन समाजांचं भांडण होतं, आणि मग चार अनोळखी माणसं तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला चौकात उभं करून विचारतात, 'काय म्हणाली ती, परत सांग.'

आणि पोरापोरांत चाललेल्या गप्पांचं काय? 'तुमचा देव मोठा की आमचा?'

चालू द्या. तिथं दोघं सारख्या उंचीचे आहेत, 'चल, खोटं' म्हणता येतं. चिडवाचिडवी, जातीवरून किंवा मटण-भाकरीच्या डब्यावरून हिणवणं सुरू झालं तरच मध्ये पडा, आणि तेही हिणवणं थांबवण्यापुरतं. कोणाचा देव मोठा, हा निकाल द्यायला काकांना कुणी बोलावलेलं नसतं.